सुपरमॅन कोणाचा?

सुपरहिरोंच्या चित्रपटांचा विषय निघाला की चळवळीतल्या माणसांत दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की, हे सगळे अमेरिकन भांडवलदारांचे थोतांड आहे, पोरांच्या डोक्यात भुसा भरण्याचा धंदा आहे. त्यापेक्षा पोरांच्या हातात पुस्तक द्या. दुसरा तट म्हणतो, अहो, दिवसभर राबून आलेल्या माणसाने आणि परीक्षेच्या ओझ्याखाली वाकलेल्या पोराने दोन घटका करमणूक केली तर तुमचे काय बिघडले? शिवाय 'ब्लॅक पँथर'सारखा चित्रपट तर आपलाच आहे!

आम्हाला दोन्ही तटांचे म्हणणे अर्धवट वाटते. हे स्वप्न प्रथम कोणाला पडले, हे पहिला तट विचारीत नाही. त्या स्वप्नाचा सातबारा आज कोणाच्या नावावर आहे, हे दुसरा तट विचारीत नाही. हे दोन प्रश्न विचारले तरच तिसरा आणि खरा प्रश्न समोर येतो, आणि तो आपल्या घरातला आहे.

स्वप्न पाहिले कोणी?

१९३३ सालची गोष्ट. महामंदीने अमेरिकेतल्या लाखो कामगारांच्या चुली विझवल्या होत्या. फुकटच्या पावासाठी शहराशहरांत रांगा लागत होत्या. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात जेरी सीगल आणि जो शुस्टर ही दोन पोरे शाळेत शिकत होती. दोघांचाही जन्म १९१४ सालचा, दोघेही युरोपातून परागंदा झालेल्या ज्यू आईबापांची लेकरे. सीगलचे वडील १९३२ साली, दुकानात चोर शिरले असताना मरण पावले होते. या दोघांनी जानेवारी १९३३ मध्ये स्वतःच सायक्लोस्टाइल करून काढलेल्या मासिकात सुपरमॅन नावाची पहिली कथा छापली. त्या कथेत पावाच्या रांगेतल्या एका भणंग माणसाला एक शास्त्रज्ञ औषध पाजतो, त्याच्या अंगी अलौकिक शक्ती येते आणि तो जगावर राज्य करायला निघतो. म्हणजे त्यांचा पहिला सुपरमॅन खलनायक होता! त्याच महिन्यात जर्मनीत हिटलर सत्तेवर आला.

'सुपरमॅन' हा शब्द या पोरांनी शोधून काढलेला नाही. जर्मन तत्त्ववेत्ता नित्शे याच्या अतिमानवाचे ते इंग्रजी नाव. हाच नित्शे मनूचा गोडवा गात होता, ही गोष्ट बाबासाहेबांच्या नजरेतून सुटली नाही. बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले आणि १९८७ साली महाराष्ट्र शासनाच्या तिसऱ्या खंडात छापले गेलेले हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरचे त्यांचे लिखाण आपल्या वाचकांनी जरूर काढून वाचावे. नित्शे आणि मनू यांना शेजारी शेजारी ठेवून त्यांनी दाखवून दिले की मनूने सांगितलेला धर्म हा अतिमानवाचाच धर्म आहे आणि त्यातला अतिमानव म्हणजे ब्राह्मण. फरक एवढाच की मनूचा अतिमानव जन्माने ठरतो. गुण गेले तरी त्याची पदवी जात नाही. थोडक्यात, अतिमानव ही मूळची वरच्यांची कल्पना. काही थोड्यांनी राज्य करावे आणि बाकीच्यांनी राबावे, यासाठी काढलेली पळवाट.

आता क्लीव्हलँडच्या त्या दोन पोरांनी काय केले ते पाहा. त्यांनी ही कल्पनाच उलटी करून टाकली. जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात जो सुपरमॅन आला, तो राज्य करायला आलेला नव्हता. तो फाशीच्या तोंडाशी गेलेल्या निरपराध बाईला वाचवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि युद्ध पेटवून पैसा करू पाहणाऱ्या मंडळींच्या मागे लागतो. तिसऱ्या अंकात तो एका खाणमालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवून मजुरांचे मरण कसे असते ते दाखवतो. आठव्या अंकात तर गलिच्छ वस्तीमुळेच पोरे गुन्हेगार होतात हे ओळखून तो ती मोडकी घरे पाडून टाकतो, म्हणजे सरकारला तिथे चांगली घरे बांधणे भाग पडते!

वाचकहो, ज्यांना नाझींच्या अतिमानवाने किड्यामुंगीत जमा केले होते, त्यांच्याच दोन पोरांनी अतिमानवाला खालच्यांच्या बाजूने उभे केले. पुढे जो सायमन आणि जॅक किर्बी या आणखी दोन ज्यू तरुणांनी 'कॅप्टन अमेरिका' काढला. अमेरिका युद्धात उतरण्याच्या आधीच, डिसेंबर १९४० मध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी आपल्या नायकाला हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारताना दाखवले. १९४६ साली रेडिओवरच्या सुपरमॅनच्या मालिकेने कु क्लक्स क्लॅनसारख्या वर्णद्वेषी टोळीवर कथानक रचले. तेव्हा हे सारे भांडवलदारांचे थोतांड आहे, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. ज्याला न्यायालयात न्याय मिळत नाही, पोलीस चौकीत कोणी उभे करीत नाही, त्याला रात्री स्वप्नात न्याय करणारा कोणीतरी दिसतोच. ही भूक खरी आहे आणि तिची चेष्टा करणाऱ्याला उपाशी माणूस कळलेला नाही.

सातबारा कोणाच्या नावावर?

परंतु या स्वप्नाचे पुढे काय झाले? सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क प्रकाशकाला १३० डॉलरला विकून टाकले होते. पोटाला हवे होते, कायदा ठाऊक नव्हता. प्रकाशक गब्बर झाला. १९४७ साली दोघे न्यायालयात गेले, तर पुढच्या वर्षी तडजोडीत किरकोळ रक्कम हाती पडली आणि कथेवरचे त्यांचे नावही काढून टाकण्यात आले. शुस्टरची दृष्टी अधू झाली. १९७५ साली, सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार असल्याची चर्चा सुरू असताना, इतर चित्रकारांनी ओरड केली तेव्हा कुठे कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर आणि त्यांचे नाव परत दिले. ज्या पहिल्या अंकाची किंमत दहा सेंट होती, त्याची एक प्रत २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलरला गेली. अन्यायाविरुद्ध लढणारा सर्वांत बलवान माणूस ज्यांनी निर्माण केला, त्यांना स्वतःच्या घामाचे दाम मिळवताना तो उपयोगी पडला नाही. सीगल-शुस्टरला जे मिळाले ते सहकाऱ्यांच्या एकजुटीने मिळाले, आकाशातून कोणी येऊन दिले नाही.

मालकी बदलली तसा नायकही बदलला. खाणमालकाला कोंडणारा सुपरमॅन हळूहळू बँकेचे दरोडेखोर पकडू लागला. इटालियन विचारवंत उम्बेर्तो एको याने १९६२ साली या गोष्टीवर नेमके बोट ठेवले. जो माणूस डोंगर हलवू शकतो, तो जगातली भूक एका दिवसात संपवू शकेल, राज्यव्यवस्था बदलू शकेल. पण तो करतो काय, तर आपल्या शहरात चोर पकडतो आणि धर्मादाय कामाला मदत करतो. त्याच्या जगात वाईट म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेवर घाला आणि चांगले म्हणजे दानधर्म. मालमत्ता मुळात एकाकडेच का, हा प्रश्न तिथे निघतच नाही. आम्हाला वाटते, सुपरहिरोवर करायची खरी टीका ती हीच. कथेच्या शेवटी शहर वाचते, म्हणजे जसे होते तसेच राहते. ज्याच्या वाट्याला ते शहर आधीच नव्हते, त्याने टाळ्या कशाला वाजवायच्या?

बंदीवाल्यांसाठी धडा

आता जे म्हणतात की हे सगळे बंदच करा, त्यांनी एक उदाहरण ध्यानात घ्यावे. डॉ. फ्रेडरिक वर्थम हे न्यूयॉर्कमधले मानसोपचारतज्ज्ञ. माणूस आपल्या बाजूचा! काळ्या वस्तीला, हार्लेमला, १९४६ साली त्यांनी गोरगरिबांसाठी मनोरुग्णांचा दवाखाना उघडला, फी नाममात्र. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांमुळे बालमनावर काय घाव पडतात, याची त्यांनी डेलावेअरच्या न्यायालयात साक्ष दिली. तो खटला पुढे ज्या एकत्रित खटल्यात गेला, त्यात १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्याच १९५४ साली वर्थम यांनी कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि देशभर गदारोळ उठला.

परिणाम काय झाला? घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. वर्थम यांना अभिप्रेत होती ती ही नव्हे. तीत हिंसेला आळा घालण्याबरोबरच असेही कलम होते की पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर उत्पन्न होईल असे काही दाखवायचे नाही! १९५३ साली छापलेली एक छोटी कथा १९५६ च्या एका अंकात पुन्हा छापायची होती. कथा अशी: यंत्रमानवांच्या एका ग्रहावर नारिंगी आणि निळे असे दोन वर्ग असतात. आतली यंत्रे अगदी सारखी, फक्त वरचा पत्रा वेगळा. पण निळ्यांची वस्ती वेगळी आणि काम हलके. पृथ्वीवरून आलेला निरीक्षक हा ग्रह सुधारलेल्या जगात सामील होण्यास अपात्र ठरवतो. शेवटच्या चित्रात तो शिरस्त्राण काढतो, तेव्हा कळते की तो काळा माणूस आहे. आचारसंहितेच्या अधिकाऱ्याने फर्मावले, हा माणूस काळा चालणार नाही. प्रकाशक विल्यम गेन्स भांडला आणि कथा जशीच्या तशी छापली. मात्र कॉमिक्सचा तो त्याचा शेवटचा अंक ठरला.

तेव्हा हेतू कितीही चांगला असो, बंदीची कात्री शेवटी जाते प्रस्थापितांच्याच हातात, आणि ती प्रथम कोणाला कापते हे आपल्याला सांगावे लागू नये.

पँथर: नाव कोणी लपवले, कोणी मिरवले?

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आला. कवटीच्या सिंहासनावर बसलेला गोरा माणूस, पिढ्यान्पिढ्या बापाकडून मुलाकडे आलेली गादी आणि त्याला देव मानणारे जंगलातले काळे आदिवासी. सत्ता गोऱ्याची, भक्ती काळ्याची. त्या पार्श्वभूमीवर १९६६ साली अमेरिकन कॉमिक्समध्ये 'ब्लॅक पँथर' हा काळा, बुद्धिमान, विज्ञानात पुढारलेल्या आफ्रिकी देशाचा राजा अवतरला, ही साधी गोष्ट नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलँड शहरात ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. पक्षाने आपले चिन्ह कॉमिक्समधून घेतले नाही. अलाबामात मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या काळ्या शेतमजुरांच्या संघटनेचे ते चिन्ह होते.

पुढे गंमत पाहा. १९७२ च्या सुरुवातीला आपला नायक आणि तो लढाऊ पक्ष यांत गल्लत नको, म्हणून कॉमिक्समधल्या पँथरने आपले नाव बदलून 'ब्लॅक लेपर्ड' असे सांगितले. आणि त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी पँथर हे नाव अभिमानाने आपल्या संघटनेला लावले! कागदावरचा बलाढ्य राजा ज्या नावाला कचरला, ते नाव चाळीत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्या पोरांनी छातीवर घेतले. पराक्रम कुठे असतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

२०१८ साली आलेला 'ब्लॅक पँथर' चित्रपट पाहून आपल्या तरुणांचे डोळे चमकले, याचे आम्हाला नवल वाटत नाही. ओकलँडमध्ये जन्मलेला काळा दिग्दर्शक रायन कूगलर, जवळजवळ सगळे कलावंत काळे, राजाच्या संरक्षणाला स्त्रिया आणि प्रयोगशाळेची सूत्रे राजाच्या बहिणीच्या हाती. वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना ऑस्कर मिळाले, आणि त्या त्या विभागात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या व्यक्ती ठरल्या. गुलाम म्हणूनच पडद्यावर दिसलेल्या समाजाला स्वतःचा चेहरा ताठ मानेने पाहायला मिळाला, ही मोठीच गोष्ट आहे.

पण डोळे चमकले म्हणून मिटून घेऊ नयेत. या चित्रपटात जगभरच्या काळ्या माणसांच्या मुक्तीची भाषा कोण बोलतो? खलनायक! ओकलँडच्या वस्तीत अनाथ वाढलेला किलमाँगर विचारतो की, आमची माणसे गुलामीत सडत होती तेव्हा तुमचा वकांडा लपून का बसला होता? प्रश्न बिनतोड आहे. राजालाही शेवटी तो मान्य करावा लागतो. मात्र प्रश्न विचारणारा खुनशी दाखवला जातो आणि मरतो. उत्तर देण्याचा अधिकार राजवंशात जन्मलेल्याकडेच राहतो. राजाच्या मदतीला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा माणूस आणि वकांडाच्या जनतेला मताचा अधिकार नाही! तिकिटांचे एक अब्ज ३० कोटी डॉलरहून अधिक जमले, ते २००९ साली मार्व्हल विकत घेतलेल्या डिस्ने कंपनीच्या खात्यात. सातबारा पुन्हा दुसऱ्याच्याच नावावर.

वेगळे काही होऊ शकते का? होऊ शकते. १९९३ साली ड्वेन मॅकडफी आणि त्यांच्या काळ्या सहकाऱ्यांनी 'माइलस्टोन' ही कंपनी काढली. मोठ्या कंपनीकडून छपाई-वितरण करून घेतले, पण हक्क स्वतःकडे ठेवले. त्यांचा 'आयकॉन' हा नायक सुपरमॅनसारखाच परग्रहावरचा, पण तो पडला १८३९ साली गुलामांच्या मळ्यात आणि त्याला उचलले एका गुलाम बाईने. आजच्या काळात तो श्रीमंत वकील होऊन स्वतःपुरते पाहत बसलेला असतो. गरीब वस्तीतली रॅक्वेल नावाची पंधरा-सोळा वर्षांची पोरगी त्याला सुनावते की, एवढी शक्ती असून तू घरात बसतोस कसा? ती त्याला घराबाहेर काढते, त्याच्या बरोबरीने लढते, आणि गोष्ट सांगते तीच. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती ज्याला माहीत आहे त्याला या पोरीचे बोलणे परके वाटणार नाही.

बाबासाहेब सुपरहिरो नाहीत!

आणि आता तो घरातला प्रश्न. आपण आपल्या मुलांना बाबासाहेब कसे सांगतो? इतक्या पदव्या, इतक्या भाषा, इतके तास अभ्यास, एकट्याने घटना लिहिली, एकट्याने आम्हाला वर काढले, असेच ना? हे प्रेमापोटी होते, हे आम्ही जाणतो. पण अशा सांगण्याने आपण बाबासाहेबांचा सुपरमॅन करतो. मग मुलाच्या मनात दोनच गोष्टी उरतात: फोटोला हार घालायचा आणि पुढच्या बाबासाहेबांची वाट पाहायची. आकाशातून येणारा तारणहार म्हणजे अवताराचेच दुसरे नाव. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा देऊन आपल्याला अवतारातून सोडवले, त्यांनाच आपण अवतार करायचे काय?

बाबासाहेबांनी याविषयी स्वतःच बजावून ठेवले आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे यांच्यावर बोलताना त्यांनी थोर पुरुष इतिहास घडवतो का, या प्रश्नाची चिकित्सा केली आणि थोरवीची कसोटी सामाजिक हेतूवर लावली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी राजकारणातल्या भक्तीची वाट हुकूमशाहीकडे जाते, असा इशारा दिला.

आणि महाडचा इतिहास तरी काय सांगतो? १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव आणला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी परिषदेसाठी खेडोपाडी पायपीट केली. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे पाठीशी उभे राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांमागोमाग हजारो माणसांनी ते पाणी ओंजळीत घेतले आणि त्याबद्दल मारही खाल्ला. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. मग दावा चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ साली. दहा वर्षे! कोणी उडाले नाही, कोणाच्या डोळ्यांतून किरण निघाले नाहीत. बाबासाहेबांचे मोठेपण यात आहे की त्यांनी पाणी आणून दिले नाही. तळ्यापर्यंत चालत जाण्याचे बळ हजारो पायांत भरले. सुपरमॅन लोकांना वाचवतो. बाबासाहेबांनी लोकांना उभे केले.

तेव्हा मुलांना चित्रपट पाहू द्या, कॉमिक्स वाचू द्या. पण घरी आल्यावर त्यांना चार प्रश्न विचारा. या नायकाची शक्ती कुठून आली: जन्मातून, तिजोरीतून की शिकण्यातून? त्याने वाचवले काय: माणसे की मालमत्ता? शेवटी लोकांच्या हातात काय आले? आणि या गोष्टीचा पैसा कोणाला गेला? एवढे विचारायची सवय लागली की पोरगे कोणत्याही पडद्यासमोर बसले तरी आम्हाला चिंता नाही.

दुसरे काम अवघड आहे, पण करावे लागेल. आपल्या गोष्टी आपणच चित्रांत मांडल्या पाहिजेत. २०११ साली दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांच्या हातचे 'भीमायन' निघाले. त्यात मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात येतात आणि विषारी बोलांना विंचवाची नांगी असते. परदेशी चौकटी उसन्या न घेता बाबासाहेबांचे आयुष्य सांगता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या वस्त्यांत चित्रे काढणारी पोरे काय कमी आहेत? जयंतीच्या खर्चातला डीजेचा एक दिवस कमी करून मंडळांनी त्या पोरांना कागद, रंग आणि छपाई द्यावी. त्यांनी रामचंद्र मोरे काढावेत, चवदार तळ्याकडे निघालेल्या बायाबापड्या काढाव्यात, १९७२ चे पँथर काढावेत. आणि हो, छापण्यापूर्वी हक्क कोणाच्या नावावर राहणार ते कागदावर लिहून घ्यावे. सीगल आणि शुस्टर यांची १३० डॉलरची गोष्ट विसरू नये.